उरलेली दहा अंडी

खुलासा
नाव : शलोमी सत्यवान आवळे
हुद्दा : खूणवाचक, तालुका अन्न-प्रयोगशाळा
विषय : ईस्टरच्या प्रीतिभोजनातील विषबाधा. बाधित एकोणीस
वार, वेळ : गुरुवार, सकाळी ७.१०

पहिला प्रयत्न

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, रविवारी चर्चच्या आवारात झालेल्या प्रीतिभोजनात आइस्क्रीम देण्यात आले. सदर आइस्क्रीममध्ये कच्ची अंडी वापरण्यात आली होती. सदर अंडी करंजवाडी येथील श्रीमती वैजयंता शेंडगे यांच्या शेडमधील असल्याचे खूणवाचनात निष्पन्न झाले. तथापि सदर अंडी श्रीमती शेंडगे यांनी विकली नसून ती अन्य मार्गाने

इथे अडले.

अन्य मार्ग म्हणजे माझी कापडी पिशवी. निळी, एक बंद शिवलेला. दहा अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्यात बसतात.

आज दहा वाजता करंजवाडीला पथक जाणार आहे. शेंडगेबाईंच्या दोन शेडमधल्या बाराशे कोंबड्या पेटीत घालून वायू सोडून मारायच्या, असा आदेश आहे. रोखलेली अंडी चोरून विकणाऱ्याला तीच शिक्षा असते. त्यांनी विकली नाहीत. हे मला माहीत आहे, आणि प्रयोगशाळेतल्या आणखी एका माणसाला.

हा खुलासा मी पाठवला की आदेश आपोआप उठतो. यंत्रणाच तशी आहे. वाचकाने आपल्या वाचनाला खुलासा जोडला की त्यावरची कारवाई त्याच क्षणी थांबते.

जवळजवळ तीन तास आहेत. पुरेसे आहेत. मी नीट लिहीन.

दुसरा प्रयत्न
७.४५

मी अकरा वर्षं खूणवाचक आहे. अकरा वर्षांत माझं एकही वाचन चुकलेलं नाही.

(हे वाक्य इथे कशाला आलं? खोडायचं.)

खुलासा वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना खूणबीज म्हणजे काय ते माहीत असेल, तरी लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मातीत एक निरुपद्रवी जिवाणू असतो. तो स्वतःभोवती असं कठीण कवच बांधतो की उकळलं तरी मरत नाही, गोठवलं तरी मरत नाही, पोटातून जाऊन बाहेर पडतो तरी शाबूत राहतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या आत जनुकांच्या अक्षरांत एक छोटा मजकूर लिहायची युक्ती काढली. प्रत्येक कोंबडीशेडला दर आठवड्याला एक बाटली मिळते. त्या आठवड्याचा, त्या शेडचा मजकूर त्यात असतो. घरट्यांवर फवारायची. मग तिथलं प्रत्येक अंडं कवचावर आपला पत्ता घेऊन फिरतं, आणि फोडताना त्यातला थोडा पत्ता आत उतरतो. माणूस आजारी पडला की त्याच्या नमुन्यातून तो पत्ता मी वाचते. चाळीस मिनिटं लागतात.

जंतूचं तसं नाही. साल्मोनेला अंड्यात शिरतो तो कवच तयार होण्याआधीच, कोंबडीच्या पोटात. कोंबडी आजारी दिसत नाही. अंडं धुऊन उपयोग नाही, वास घेऊन उपयोग नाही. शिवाय आत असतात जेमतेम दहा-वीस जंतू. ते सापडायचे तर आधी वाढवावे लागतात. दोन दिवस जातात. खूण चाळीस मिनिटांत, जंतू दोन दिवसांत. माझी चूक या फरकात राहते.

हेही खोडायचं. चूक फरकात राहत नाही. चूक माझ्यात आहे.

तर. दर शुक्रवारी प्रत्येक शेडमधून आमच्याकडे एक ट्रे येतो, तीस अंड्यांचा. वीस आम्ही फोडून एकत्र करून वाढीला लावतो. दहा राखीव ठेवतो, चाचणी बिघडली तर असावीत म्हणून. निकाल येईपर्यंत शेडमधल्या बाकीच्या अंड्यांच्या खोलीला शिक्का असतो. निकाल चांगला आला की ती अंडी सत्तावन्न अंशांच्या पाण्यात तासभर शेकवून बाजारात जातात. गेली दोन वर्षं दुकानात शेकलेलंच अंडं मिळतं. कच्चं विकणं गुन्हा आहे.

आणि उरलेली दहा? नियम असा की वाफेच्या भांड्यात उकडून पुरायची.

आमच्याकडे ती पाळीपाळीने घरी जातात. मी नोकरीला लागले तेव्हापासून जातात. अन्न पुरायला कुणाचा हात होत नाही. आमच्यातल्या आमच्यात दोनच अटी आहेत, कुठे लिहिलेल्या नाहीत, पण नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितल्या जातात. निकाल आल्याशिवाय न्यायची नाहीत. आणि उकडूनच खायची.

मी शनिवारी दुपारी नेली. निकाल सोमवारी होता. आणि उकडली नाहीत.

का, ते लिहायला हवं.

आमच्या घरात आइस्क्रीमचा लाकडी पॉट आहे. मिशनच्या डॉक्टरांच्या मडमेने परत जाताना तो माझ्या पणजीला दिला. पणजी त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची. मध्ये पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायचा दांडा. दर ईस्टरला उपासनेनंतर सगळी मंडळी आवारात जेवतात आणि शेवटी आम्हा आवळ्यांच्या घरचं आइस्क्रीम. दूध आटवून गार करायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच अंडी घालायची, पांढरं वेगळं, पिवळं वेगळं फेटून. कच्ची. पणजीपासून तसंच.

शेकलेल्या अंड्याचं पांढरं नीट फुगत नाही. पाणचट राहतं. गेली दोन वर्षं आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे लागत होते. पहिली वाटी एस्तेरबाईंना द्यायची प्रथा आहे. त्या एक्याऐंशीच्या, गावातल्या निम्म्या मंडळींना त्यांनी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवलेलं, मलाही. गेल्या वर्षी त्यांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गोड आहे."

एवढंच. गोड आहे.

मागून कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वर्षी काडी लावून द्या, गोळा म्हणून तरी खाऊ." सगळे हसले. आईही हसली. घरी आल्यावर मात्र तिने पॉट माळ्यावर टाकायला सांगितला.

म्हणून.

हे कारण आहे का? वाचून पाहिलं. कारण म्हणून फार लहान वाटतं. पण दुसरं नाही.

तिसरा प्रयत्न
८.२०

चहा केला. आईने विचारलं, "ऑफिसचं आहे का?" हो म्हटलं. ती पलीकडे बसून लसूण सोलते आहे. बोलत नाही. मंगळवारपासून फारशी बोलत नाही.

'अनवधानाने' हा शब्द घालून पाहिला. 'घरगुती परंपरेनुसार' हेही. दोन्ही काढले.

रविवारी बर्फाची गाडी उशिरा आली. अंडी घातलेलं दूध पातेल्यात तयार होतं, चर्चच्या व्हरांड्यात, ओल्या फडक्याखाली. आत उपासना चालू. एप्रिलचं ऊन. नऊ ते साडेअकरा. अशा उबेत जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. अडीच तासांत एकाचे शंभरावर. मी पहिल्या बाकावर बसून हे गणित केलं होतं. खरंच केलं होतं. पुनरुत्थानावर प्रवचन चाललं होतं आणि मी बोटांवर दुप्पट मोजत होते. मग स्वतःला सांगितलं की एकही नसेल तर शून्याची दुप्पट शून्यच.

आणि बर्फाचं तर मी दरवर्षी शाळांमध्ये जाऊन शिकवते. मुलांनो, थंडीत जंतू मरत नाही, झोपतो. कुल्फी असो, आइस्क्रीम असो, पोटातल्या उबेत तो उठून बसतो.

आम्ही आळीपाळीने दांडा फिरवला. डबा उघडला तेव्हा आइस्क्रीम वर आलेलं होतं, मऊ, काठाला चढलेलं. एस्तेरबाईंनी पहिला चमचा घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हां. आता कसं." मग दुसरी वाटी मागितली. मी ती काठोकाठ भरून दिली.

त्रेचाळीस माणसांनी खाल्लं.

सोमवारी अकरा वाजता पडद्यावर निकाल आला. शेंडगे, करंजवाडी : बाधित.

वीस अंड्यांत होता म्हणजे माझ्या दहांत असेलच असं नाही. हे मी स्वतःला तीनदा सांगितलं. त्रेचाळीस जणांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत. मी एकच फोन केला, आईला.

"पोट कसं आहे तुझं?"

"माझ्या पोटाला काय झालंय? मी चमचाभर खाल्लं, साखर वाढते म्हणून. सकाळपासून चार फोन आले, कसं केलं विचारतायत. मी म्हटलं, अंडी चांगली होती, आमची शलू आणते."

"कुठून आणते ते सांगितलंस?"

"ते कशाला सांगू?"

मला हायसं वाटलं. हे लिहायलाच हवं. सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला हायसं वाटलं.

त्या दिवशी संध्याकाळी पहिले सहा जण दवाखान्यात गेले. सकाळी त्यांना सांगितलं असतं तर म्हातारी माणसं ताप चढायच्या आत पोचली असती.

मंगळवारी आठ वाजता आरोग्यसेविका जुलेखाताई घरी आल्या. शाळेत माझ्याच वर्गात होत्या.

"शलू, विचारावं लागतंय गं, राग मानू नकोस. आइस्क्रीमची अंडी कुठली?"

"दारावर एक बाई आली होती."

"कच्ची विकत होती?"

"हो."

"नाव?"

"नाही माहीत."

"दिसायला कशी?"

"चारचौघींसारखी. डोक्यावर पदर होता."

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. मग ती आत गेली आणि चहा आलाच नाही. जुलेखाताई थोडा वेळ वाट बघून उठल्या.

अकरा वाजता एकोणीस जणांचे नमुने माझ्या टेबलावर. चाळीस मिनिटं. एकोणीस वेळा एकच पत्ता. यंत्रणेने जुलेखाताईंची नोंद आणि हे वाचन शेजारी शेजारी ठेवलं आणि स्वतःच निष्कर्ष लिहिला : रोखलेल्या अंड्यांची चोरविक्री, शेड रिकामी करावी. नुसतीच बाधित असती तर एकेक कोंबडी तपासून आजारी तेवढ्या काढतात. चोरविक्रीला सगळ्या.

खाली प्रश्न होता. वाचन बरोबर? होय / नाही.

वाचन बरोबरच होतं. मी 'होय' दाबलं.

चौगुले सर मागे उभे होते. ते आमचे प्रमुख, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. शनिवारी फ्रीजमधली शेंडगेबाईंच्या ट्रेची जागा रिकामी झालेली त्यांनीही पाहिली होती.

"दारावरची बाई म्हणालीस ना? झालं तर मग. तीच ठेव."

"सर, अशी बाईच नाही."

"बरंय की. नसलेल्या बाईला कोण धरणार?"

"शेंडगेबाईंना धरलंय."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "त्यांचा माल बाधित होता हे खोटं आहे का? नाही ना? आणि हे बघ, तू तोंड उघडलंस तर दहा अंडी निघतील. मग गेल्या आठवड्याची दहा निघतील. ती माझ्याकडे होती. बायकोने रस्सा केला होता. त्याच्या आधीची शिपायाकडे. आपण सगळेच जाऊ."

"तुम्ही उकडली होती, सर."

"हो," ते म्हणाले, "आम्ही उकडली होती."

असं म्हणून ते डबा खायला गेले.

चौथा प्रयत्न
९.००

अजून तास आहे. आता फक्त बुधवार लिहायचा राहिला, आणि तोच जमत नाही.

वैजयंता शेंडगे काल साडेदहाला प्रयोगशाळेत आल्या. मी त्यांना पाच वर्षं दर शुक्रवारी बघते. ट्रे देतात, सही करतात, रिकामा ट्रे मागून घेतात. ट्रे प्लास्टिकचा, हिरवा, त्यावर खिळ्याने 'वैजू' कोरलेलं.

त्या भांडतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या.

"बाई, मला तेवढं समजून सांगा. म्या काय केलंय?"

मी म्हटलं, "रोखलेली अंडी बाहेर गेलीत."

"कशी जातील? शिक्का तुमच्या माणसानं मारला. जसाच्या तसा हाय. काल सायबांच्या म्होरं फोडून मोजलं. नऊशे पन्नास. आन मोजताना शुक्रवारी किती हुती? नऊशे ऐंशी. मधली तीस तुमाला दिल्याली. एक अंडं इकडं न्हाई का तिकडं न्हाई."

"शिक्क्याच्या आधी विकली असतील असं साहेबांचं म्हणणं आहे."

"त्या आठवड्याची बाटली म्या शुक्रवारी सकाळीच मारली वो. तुमच्याच माणसानं आणून दिली, त्याच्या देखत मारली. त्येच्या आधीच्या अंड्यावर ती खूण येतीया कशी?"

हे मला सुचलंच नव्हतं. बाटली उशिरा गेली होती. म्हणजे त्या खुणेची अंडी फक्त शिक्क्याच्या खोलीत होती आणि

"आन शिक्क्याच्या भाईर गेली ती फकस्त हितं," त्या म्हणाल्या. बोट टेबलावर ठेवलं. माझ्या टेबलावर. काही क्षण ते तसंच राहिलं. वाटलं, आता कळलं. आता मला सांगायला लागणार नाही.

मग त्या हसल्या. खरंच हसल्या, तोंडाला पदर लावून.

"काय बी डोकं चालतंय माझं. तुमी कशाला काय कराल! मी घरात पोरीला म्हंते, त्या लॅबमधल्या बाई बघ, किती शिकल्याल्या, तरी आपला ट्रे सवता पुसून देत्यात."

मी ट्रे पुसून देत असे. ते खरं आहे.

"उद्या दहाला येणार हाईत. तुमच्या हातात काय असलं तर बघा, बाई. दोन शेड हाईत. म्होरल्या शेडातल्या आत्ताशी अंड्यावर आल्यात."

जाताना त्यांनी ट्रे मागितला. तो माझ्या घरी होता, शनिवारी अंड्यांसोबत त्याच पिशवीतून आलेला. मी म्हटलं, "धुवायला टाकलाय."

दुपारी दवाखान्यात गेले. एस्तेरबाई अतिदक्षता विभागात होत्या. मूत्रपिंडं थकली आहेत असं डॉक्टर म्हणाले. पाच मिनिटं आत सोडलं. त्या एवढ्याशा दिसत होत्या. त्यांनी माझं बोट धरलं.

"आइस्क्रीम मात्र तुझ्या आजीसारखं झालं होतं गं."

मी दुसऱ्या हाताने त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"ती बाई... दारावर आलेली. तिला शिक्षा करू नका म्हणावं. पोटासाठी विकत असेल." थोडा दम घेतला. "मी तिच्यासाठी प्रार्थना करते. नाव काय तिचं?"

"माहीत नाही, बाई."

"बरं. नावाशिवाय करते. त्याला कळतं कुणाचं ते."

या वाक्यानंतर काय लिहू? गेली वीस मिनिटं इथे 'तेव्हा माझ्या लक्षात आलं की' असं लिहून पुढे काही ना काही घालते आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सत्य. तेव्हा माझ्या लक्षात आलं की विज्ञान. सगळी वाक्यं छान आहेत. सगळ्यांत मी जरा बरी दिसते. तेव्हा माझ्या लक्षात काहीही आलं नाही. मी रिक्षाने घरी आले आणि ट्रे धुतला.

आई आत्ता उठून आली. पडद्यावरचं तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. तिने माझ्या मानेवर ओला हात ठेवला, लसणाचा वास आला.

"किती मोठं आहे गं ते?"

"बरंच आहे."

"खरं आहे का?"

"हो."

"मग एवढं मोठं कशाला लागतं?"

पाचवा प्रयत्न
९.५०

करंजवाडीच्या अंड्यांचा मार्ग : शेंडगे यांची शेड – तालुका अन्न-प्रयोगशाळा – शलोमी आवळे यांचे घर – चर्चचे आवार.
राखीव दहा अंडी मी निकालाआधी घरी नेली. ती कच्ची वापरली.
दारावर कोणीही बाई आली नव्हती. मी खोटे बोलले.
वैजयंता शेंडगे यांनी एकही अंडे विकलेले नाही.

९.५२ : पाठवले.
९.५२ : आदेश स्थगित.

त्यानंतर

चौगुले सरांचा फोन आला, उचलला नाही. जुलेखाताईंचा आला, उचलला. त्या म्हणाल्या, "वाचलं मी." आणि ठेवला. ज्यांनी आइस्क्रीम खाल्लं होतं त्या सगळ्यांच्या आणि शेंडगेबाईंच्या फोनवर यंत्रणेकडून तो मार्ग एकाच वेळी गेला, चारही ओळींसकट. खूणबीज आलं तेव्हा आम्ही शाळांमध्ये सांगायचो की आता विषबाधेचा दोष हवेत राहणार नाही, नेमका ज्याचा त्याला मिळेल. मुलं टाळ्या वाजवायची.

मी हिरवा ट्रे घेतला आणि करंजवाडीला गेले. पोचायला पाऊण तास लागला. आदेश उठल्याचं मी स्वतः पाहिलं होतं, त्यामुळे वाटेत जरा हलकं वाटत होतं. माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत होते.

पथकाची गाडी अंगणात उभी होती. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं शेडच्या सावलीत बसून पाणी पीत होती. मागच्या शेडमधून कोंबड्यांचा आवाज येत होता, नेहमीसारखा, दुपारच्या आधीचा संथ. पुढच्या शेडमधून काहीच येत नव्हतं. दाराशी पेट्या रचलेल्या होत्या, झाकणं बंद.

पथकाचा प्रमुख उठून जवळ आला. "तुम्हीच का आवळे मॅडम? मेसेज आला तसं थांबवलं आम्ही. एक शेड झाली होती. पाचशे चाळीस."

"दहाची वेळ होती ना?"

"उन्हाचं जमत नाही मॅडम, हे कपडे घालून. एप्रिल-मेमध्ये आम्ही नऊलाच सुरू करतो."

वैजयंता पायरीवर बसल्या होत्या. हातात फोन होता. मी ट्रे पुढे केला. त्यांनी तो घेतला, उलटा करून आपलं नाव पाहिलं, बाजूला ठेवला.

"तुमीच व्हय," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता. "आन काल मी तितं बसून हसले."

"मला सांगायला हवं होतं. कालच. परवाच."

"माझी म्हातारी म्हणाली हुती, लॅबातच काय तरी घोळ हाय. मीच तिच्यावर वरडले." त्यांचा आवाज चढला नाही. "दहा अंडी लागत हुती तर मागायची हुती की, बाई. उकडून दिली असती."

मागच्या शेडमधली एक कोंबडी अंडं दिल्यावर ओरडतात तशी ओरडली. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं.

"किती वाजता पाठवलंसा हे?"

"नऊ बावन्नला."

"आन लिवायला कवा बसलासा?"

मला खोटं बोलता आलं असतं. सवय झाली होती.

"सात दहाला."

त्यांनी पुढच्या शेडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे ओठ जरा हलले, अंडी मोजताना हलतात तसे. सात दहा ते नऊ. मग त्या उठल्या, ट्रे उचलला आणि मागच्या शेडमध्ये गेल्या. दार आतून लावलं.

एस्तेरबाई वाचल्या. हे आधी लिहायला हवं होतं. आठवड्यातून दोनदा त्यांना मिरजेला यंत्रावर न्यावं लागतं. आई त्यांच्यासोबत जाते. त्यांनी मला अजून बोलावलेलं नाही. पॉट चर्चच्या व्हरांड्यात आहे. तो घरी आणायला कुणी सांगत नाही आणि फेकायलाही नाही.

प्रयोगशाळेतली उरलेली दहा आता चौघांच्या देखत उकडून पुरतात. चौगुले सरांचा खुलासा अर्ध्या पानाचा होता असं ऐकलं.

माझं प्रकरण चौकशीत आहे. काल त्यांच्याकडून एक कागद आला. खुलाशातला एक रकाना मी रिकामा सोडला आहे, तो भरून परत पाठवायचा आहे. एकच ओळ मावेल एवढी जागा.

विलंबाचे कारण : खुलासा नीट लिहीत होते.